ताईच्या कानाजोगा

“ताई, उचलू नकोस! आत वायर लोंबतेय!”

लिफ्टवाला भाऊ ओरडला खरा, पण बहिणीनं कानातलं मशीन काढून ठेवलं होतं. जेवणाच्या टेबलावर उघडी पडलेली इलेक्ट्रिक गिटार तिनं खुशाल मांडीवर घेतली आणि नुकताच केलेला सांधा पटकन निखळला.

“काय रे बारक्या, तुटलं वाटतं?”

“नाही, नाचतंय,” तो म्हणाला आणि डाग द्यायची सोल्डर गन पुन्हा तापत ठेवली.

साठीला टेकलेल्या माणसाला बारक्या म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं. त्याचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. लोक अडकले की त्याची आठवण काढत, सुटले की विसरत. ताई मात्र विसरण्यातली नव्हती. आई-वडील लवकर गेले, तेव्हा हॉटेलच्या वाद्यवृंदात हीच गिटार वाजवून तिनं त्याला वाढवलं होतं. संध्याकाळी निघताना ती त्याला शेजारणीकडे सोडायची आणि परत येऊन झोपलेल्या भावाला खांद्यावर टाकून घरी आणायची. पुढे वाद्यवृंद मोडला, शिकवण्या सुरू झाल्या, लग्नाचं राहूनच गेलं.

मग तिच्या कानांनी हळूहळू दगा दिला. आधी बारीक आवाज गेले, दाराची बेल, किटलीची शिट्टी. मशीन आलं, पण मशीनमधून गिटार ऐकली की ताटावर काटा ओरबाडल्यासारखं व्हायचं. मशीन काढलं की रजईत गुंडाळल्यासारखं. एके दिवशी तिनं आपल्या जुन्या विद्यार्थिनीला, एका नर्सबाईंना, फोन केला. “रविवारी ये आणि गिटार घेऊन जा. इथं धूळ खातेय.”

फोन ठेवताना तिनं गिटारकडे पाहिलंसुद्धा नाही. ते न पाहणंच भावाला लागलं.

“रविवारपर्यंत माझ्याकडे दे,” तो म्हणाला.

“लिफ्ट आहे का ती?”

“वायर ती वायरच गं.”

तारांखाली आवाज उचलणारे दोन पिकअप होते. आजवर ते शेजारी शेजारी जोडलेले होते. त्यानं ते एकामागे एक जोडले, म्हणजे आवाज मोठा आणि भरदार होईल. कर्कशपणा तेवढा कापला जावा म्हणून बटणाखालचा कपॅसिटरही बदलला. झाकण लावून गिटार तिच्या हातात दिली, तर आवाज पार नाकातून!

“सर्दी झालीय हिला,” ताई म्हणाली.

एका पिकअपच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. स्वतःशीच हसत त्यानं त्या फिरवल्या.

ताईनं पुन्हा वाजवलं. मशीन टेबलावरच होतं. वाद्यवृंदात कार्यक्रम संपताना वाजवायची ती धून. दोन ओळी झाल्या आणि तिचा हात थांबला.

“बारक्या… येतंय रे.”

त्यानं तिला पुढे वाजवायची खूण केली.

धून वर चढली, बोटं सर्वांत बारीक तारेवर गेली आणि तिचा चेहरा उतरला.

“वाजली का आत्ता?”

“वाजली,” तो मोठ्यानं म्हणाला.

“माझ्यापर्यंत नाही आली.”

त्यानं दुसरा कपॅसिटर लावला, मग तिसरा. पिकअप वर-खाली करून पाहिले. प्रत्येक वेळी ताई ती बारीक तार छेडायची, त्याच्याकडे पाहायची आणि मान हलवायची. शेवटी तिनंच सोल्डर गनचा प्लग काढला.

“पुरे. कानाची वायर नसते रे तुझ्या डब्यात.”

अडकलेला माणूस आत ठेवून जिना उतरायची त्याला सवय नव्हती. तो बराच वेळ हत्यारं पुसत बसला.

रविवारी नर्सबाई गिटारची रिकामी केस घेऊन आल्या. ताई वाजवत होती. सबंध धून तिनं खालच्या सुरात, जाड तारांवर आणली होती. नर्सबाई ऐकत राहिल्या, मग हळूच भावाला म्हणाल्या, “आवाज जाडा झाला हो. पूर्वी केवढी चमक होती!”

“काय म्हणतेय ती?” ताईनं विचारलं.

तो घुटमळला. मग जवळ जाऊन मोठ्यानं म्हणाला, “म्हणतात, चमक गेली.”

“खरंय. पण हा आवाज मला ऐकू येतो.” तिनं नर्सबाईंकडे वळून पाहिलं. “बाई गं, तुला उगाच हेलपाटा. मी देत नाही आता ही. रागावलीस?”

“रागावू कशाला, मॅडम?” नर्सबाई मोठ्यानं म्हणाल्या. “केस इथंच ठेवते. तुम्हाला लागेल.”

ताईनं मान खाली घातली. खुंटी सैल करत करत तिनं ती बारीक तार काढली, बोटाभोवती वेटोळं केलं आणि नर्सबाईंच्या तळहातावर ठेवलं.

“ही तू लाव. चांगली आहे अजून.”

नर्सबाई गेल्यावर तिनं उरलेल्या पाच तारा सुरात लावून घेतल्या. लिफ्टवाल्यानं खुर्ची जवळ ओढली, अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज थोडा वाढवला, आणि बाल्कनीचं दार उघडंच राहू दिलं.