लवलेली पापणी

दत्तोबाने घोडीच्या पोटाखालून खोगिराचा तंग आवळला, आणि मग उगाचच आणखी एकदा आवळला. घोडीने नाकातून फुरफुर करून पाय आपटला.

"दादा, तिला श्वास तरी घेऊ दे," जयसिंग म्हणाला.

"सैल राहिला तर तूच खाली येशील."

"मी कसला येतोय!"

तो हसला आणि रिकिबीत पाय न ठेवताच घोडीवर चढला. भोवतीच्या चार माणसांनी वळून पाहिलं. दत्तोबाने मान फिरवली. धाकट्या भावाकडे लोक वळून बघतात याची त्याला आता सवय व्हायला हवी होती, पण काही गोष्टींची सवय होत नाही.

मुठेच्या काठी, नारायण पेठेच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानात, पागेची भरती चालू होती. दसरा आठ दिवसांवर आला होता. दसरा झाला की फौज कर्नाटकाकडे निघणार. या दोघा भावांचा बाप याच पागेत बारगीर होता, म्हणजे सरकारी घोड्यावर बसून लढणारा स्वार, आणि तो मोहिमेत कामी आला होता. बापाची जागा मुलाला द्यायची असा पागेचा रिवाज. मुलगे दोन असले तरी जागा एकच, आणि हक्क थोरल्याचा पहिला.

तो हक्क दत्तोबाने दोन वर्षांपूर्वी बजावून पाहिला होता. परीक्षा साधी होती. उमेदवाराला घोड्यावर बसवायचं, लगाम सैल सोडायला सांगायचं, आणि त्याला कळू न देता मागून बंदुकीचा बार काढायचा. पागेचे जमादार शमशुद्दीन समोर उभे राहून फक्त त्याच्या तोंडाकडे बघायचे. जनावर बिचकणारच, पण वरचा माणूस बिचकला तर लढाईत दोघंही गेले, असं त्यांचं म्हणणं. दत्तोबा दांडपट्टा खेळून, दौड मारून, सगळं निभावून तिथवर आला होता. बार झाला आणि त्याचे डोळे मिटले. फार नाही, पापणी लवते तेवढेच.

"मिटले," जमादार म्हणाले होते. "घरी जा."

तेव्हापासून तो बुधवार पेठेत एका दुकानात खोगिरांमध्ये लोकर भरत होता. दुसऱ्यांनी बसायची खोगिरं. हौदावर कात्रजचं पाणी भरायला गेला की कोणीतरी मागून मुद्दाम टाळी वाजवायचं आणि बाकीचे त्याच्या डोळ्यांकडे बघायचे. दोन वर्षं झाली तरी लोकांची हौस फिटत नव्हती.

आज जयसिंगची पाळी होती. सकाळी आईने जयसिंगच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर दही ठेवलं, दृष्ट काढली. मग दत्तोबाकडे वळून ती एवढंच म्हणाली, "लक्ष ठेव रे त्याच्याकडे."

हे वाक्य तो आठव्या वर्षापासून ऐकत आला होता.

जयसिंगला काहीतरी व्हायचं. काय, ते कोणाला कळलं नाही. चार वर्षांचा असल्यापासून तो मधेच थांबायचा. बोलता बोलता, जेवता जेवता थांबायचा. डोळे उघडे, पाठ ताठ, पण हाक ऐकू यायची नाही आणि डोळ्यांपुढे हात हलवला तरी पापणी हलायची नाही. दहाबारा श्वास असे जायचे. मग वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच तो पुढे बोलू लागायचा, आणि मधे काही झालं हे त्याला ठाऊकच नसायचं. वैद्यांनी ब्राह्मी दिली, देवऋषीने अंगारा दिला. हे फेफरं नव्हे, असं वैद्य म्हणाले. हे बाहेरचं नव्हे, असं देवऋषी म्हणाला. काय आहे ते दोघांनीही सांगितलं नाही. घरात त्याला नुसतं 'थांबणं' म्हणत. आईने दत्तोबाला शपथ घातली होती: कोणाला सांगायचं नाही, आणि त्याच्याकडे लक्ष ठेवायचं.

दत्तोबाने लक्ष ठेवलं. इतकं, की थांबण्याआधीची खूण एकट्या त्यालाच सापडली. जयसिंगचा उजवा अंगठा तंबाखू मळावी तसा बोटांवर फिरू लागायचा. दोनतीन श्वास अंगठा फिरे आणि मग तो थांबे. तेवढ्यात दत्तोबा त्याला विहिरीच्या काठावरून मागे ओढी, चुलीपासून दूर सारी, आणि घरी जाऊन आईला सांगे. मग आई हातातलं काम टाकून जयसिंगचं डोकं मांडीवर घेई, त्याला तूपभात भरवी, रात्रभर त्याच्या उशाशी बसे. विहिरीवरून ओढून आणणारा दारात उभा असे. तो जेवला का, हे विचारायचं आईला सुचत नसे.

जमादारांनी घरी पाठवलं त्या दिवशीही दत्तोबा असाच दारात येऊन उभा राहिला होता. त्याने तोंड उघडण्याआधी आईने विचारलं, "जयसिंग बरा आहे ना?"

त्यानंतर त्याने सांगणं कमी केलं, आणि गेल्या वर्षभरात बंदच केलं. जयसिंग होळीला थांबला, आषाढात थांबला, पोळ्याच्या दिवशी बैल धुताना थांबला. दत्तोबाने प्रत्येक वेळी त्याला सावरलं आणि घरी येऊन सांगितलं, सगळं ठीक आहे. त्याला तो तूपभात पुन्हा बघायचा नव्हता. आईला वाटलं, दुखणं गेलं. गेलं म्हणूनच तिने आज कुंकू लावलं.

"पुढचा!" जमादारांनी हाक दिली.

जयसिंगने घोडी मैदानाच्या मधोमध नेली आणि लगाम सैल सोडला. ऊन त्याच्या खांद्यांवर पडलं होतं. तो बापासारखा दिसत होता, आणि दत्तोबा बापासारखा दिसत नव्हता. बंदूकवाला मागच्या बाभळीआड गेला. दत्तोबाने हात जोडले नाहीत, पण मनात जे होतं ती प्रार्थनाच होती: लवू दे. त्याचीही पापणी एकदा लवू दे. मग दोघं एकत्र घरी जाऊ आणि दोघं मिळून लोकर भरू.

तेवढ्यात त्याला जयसिंगचा अंगठा दिसला.

अंगठा बोटांवर फिरत होता. दत्तोबाला पहिल्यांदा आनंद झाला. हे त्याने पुढे कोणाकडे कबूल केलं नाही, पण झाला. मग तो धावला. चार पावलंही झाली नसतील, तोच बार झाला.

घोडी उसळून बाजूला फेकल्यासारखी झाली आणि तिने एक गिरकी घेतली. जयसिंग तिच्याबरोबर फिरला आणि जागच्या जागी ताठ बसून राहिला. दोनदा आवळलेला तंग कामाला आला. दोघांनी घोडीला धरलं. जमादार जवळ गेले, त्यांनी मान वर करून पाहिलं आणि जयसिंगच्या डोळ्यांपुढे पंजा हलवला. मग दुसऱ्यांदा हलवला.

"वा!" ते म्हणाले. "तीस वर्षांत असा बघितला नाही."

दहाबारा श्वास गेले असतील. जयसिंगने मान हलवली, समोर जमादारांना बघून रामराम केला आणि अदबीने विचारलं, "जमादारसाहेब, बार कधी काढताय?"

हशाचा असा काही कल्लोळ झाला की घोडी पुन्हा बिचकली. जमादारांनी त्याच्या मांडीवर थाप मारली. जयसिंगही हसला, कारण सगळे हसत होते. दत्तोबा अर्ध्या मैदानात उभा राहिला. शहाण्यासुरत्या माणसाची पापणी लवली म्हणून त्याला घरी पाठवलं होतं, आणि ज्याला बार ऐकूच आला नाही त्याला शाबासकी मिळत होती. याचं दुखणंसुद्धा याच्याच बाजूचं, असं त्याच्या मनात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. बघणाऱ्यांना वाटलं, भावाचं कौतुक.

मैदानाच्या कडेला सतरंजीवर श्रीधरपंत बसले होते. पागेत आलेल्या प्रत्येकाचं वर्णन लिहून ठेवायचं हे त्यांचं काम, म्हणजे उद्या त्याच्या नावावर भलताच माणूस हजेरीला उभा राहू नये. त्यांनी जयसिंगचा रंग लिहिला, नाक लिहिलं, कानात भिकबाळी लिहिली.

"अंगावर वार, डाग, काही खूण?"

"नाही," जयसिंग म्हणाला.

"लिहा की," जमादार म्हणाले. "बार झाला तरी पापणी लवत नाही."

पंतांनी लिहिलं. "जामीन कोण?"

"मी. थोरला भाऊ."

"याला काही दुखणं? फेफरं, रातांधळेपणा, आणखी काही? जामिनाने सांगायचं असतं."

दत्तोबाने जयसिंगकडे पाहिलं. मग पंतांकडे बघून, एकेक शब्द वेगळा करत तो म्हणाला, "हा मधेच थांबतो. डोळे उघडे राहतात, पण त्याला काही दिसत नाही, ऐकू येत नाही. आत्ताही तसंच झालं. त्याने बार ऐकलाच नाही."

जमादारांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी दत्तोबाला नीट न्याहाळलं आणि ओळखलं.

"तू तोच ना? मिटले होते तो?"

"होय."

"मग बरोबर आहे."

"सख्खे भाऊ दिसता," श्रीधरपंत कागदावरून नजर न उचलता म्हणाले.

"दादा," जयसिंग म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आई तर म्हणते वर्ष झालं, काही नाही. आईला तूच सांगतोस ना?"

"मी तिला सांगितलं नाही. तीन वेळा झालं. पोळ्याला बैल धुताना मीच तुला धरलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

तूपभाताची गोष्ट चारचौघांत कशी सांगायची?

"मला तर कधीच काही झाल्याचं आठवत नाही," जयसिंग हळू म्हणाला. "लहानपणापासून तूच सांगत आलास आणि मी मानत आलो." आणि त्याने दत्तोबाकडे असं पाहिलं, की ते सगळं मानणं त्याने त्या क्षणी परत घेतलं.

पंतांनी बोरू शाईत बुडवला. "हे बघा, जामीन राहायचं नसेल तर तसं सांगा. जामीन नाही तर नाव नाही. मागे रांग आहे. भांडण घरी नेऊन निवांत करा."

एक 'नाही' म्हटलं की झालं. भाऊ घरी येईल, जिवंत राहील. लोक म्हणतील जळला, म्हणोत. दत्तोबाने तो 'नाही' जिभेवर आणला, आणि तो इतका गोड लागला की त्याला स्वतःचीच भीती वाटली. जयसिंग धडधाकट असता तरी आपण आज हेच म्हटलं असतं, हे त्याला लख्ख कळलं. आणि घरी येऊन हा उरलेला जन्म त्या 'नाही'कडे बघत काढेल.

"राहतो जामीन," तो म्हणाला. "पण मला याच्या घोडीचा मोतद्दार म्हणून घ्या."

मोतद्दार म्हणजे खरारा करणारा, दाणावैरण बघणारा, फौज निघाली की घोड्याच्या बाजूने पायी चालणारा माणूस. जमादारांनी भुवया उंचावल्या.

"बारगिराचा मुलगा मोतद्दार होणार?"

"होणार."

"दादा, हे काय नवीन?" जयसिंग म्हणाला. "तिथेही माझा पिच्छा सोडणार नाहीस?"

"तू वर बस. मी खाली असेन."

जयसिंगने खांदे उडवले आणि तो घोडीकडे वळला. ती काळीभोर होती, कपाळावर पांढरा ठिपका होता. तिच्या मानेवरून कसा हात फिरवावा हे दत्तोबाला जयसिंगपेक्षा चांगलं कळत होतं. ती आपली नाही हे त्याच्या मनात अजूनही ठसठसत होतं. जामीन राहिल्याने ते कमी झालं नव्हतं.

"मोतद्दाराचंही वर्णन लागतं," श्रीधरपंतांनी नवा कागद ओढला. "नाव दत्तोबा. रंग सावळा. खूण?"

"काही नाही."

"आहे की," जमादार जाता जाता म्हणाले. "बार झाला की पापणी लवते. तेच लिहा."

बोरू कुरकुरत राहिला. दत्तोबा तिकडे बघत नव्हता. दहा पावलांवर जयसिंग घोडीला गूळ चारत होता. डाव्या हाताने गूळ. उजवा हात आयाळीत होता आणि त्याचा अंगठा नीट दिसत नव्हता. दत्तोबा जरा बाजूला सरकला. आता दिसला. अंगठा आयाळीवर नुसता टेकलेला होता. तो फिरत नव्हता.

बोरूची कुरकुर थांबल्याचं त्याला जरा उशिराच जाणवलं. श्रीधरपंत मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत होते. मैदानात पुढचा उमेदवार घोड्यावरून खाली पडला होता आणि बाभळीपाशी धूर तरंगत होता.

"काय झालं?" दत्तोबाने विचारलं.

"बार झाला," पंत म्हणाले. "आपल्या मागेच."

"असेल."

पंतांनी नुकत्याच लिहिलेल्या ओळीकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. "लिहिलेलं खोडायची आमच्याकडे पद्धत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी कागदावर चिमूटभर वाळू टाकली.

"दादा, धर," जयसिंगने हाक दिली आणि मागे न बघता लगाम त्याच्याकडे फेकला. "हिला नदीवर पाणी दाखवून आण."

दत्तोबाने लगाम झेलला.

"तूही चल बरोबर," तो म्हणाला.