अळीच्या पोटातलं बिऱ्हाड

मित्रांनो, मला बघायला तुम्हाला सूक्ष्मदर्शक लागेल, म्हणून आधी पत्ता सांगतो. वर्धा जिल्हा, आर्वीजवळचं एक गाव, मंजुषाच्या गोठ्यामागे ठेवलेल्या टबांपैकी निळा टब, त्यातली एक अळी आणि त्या अळीचं आतडं. तिथं माझं बिऱ्हाड आहे. मी एक जिवाणू आहे आणि आमच्या मानानं बराच जुना आहे. आमच्यात एकाचे दोन होतात आणि दोघंही ‘मीच तो’ म्हणून सांगतात. तेव्हा मी ‘मी’ म्हटलं तर आम्ही सगळे, असं समजा.

माझी अळी काळ्या सैनिक माशीची. नाव दांडगं, पण ही माशी चावत नाही, तुमच्या ताटावर बसत नाही. आठवडाभर जगते, अंडी घालते आणि संपते. खादाड असते ती तिची अळी. मंजुषा आर्वीच्या भाजीबाजारातून सडका कोबी, टोमॅटो आणि मंगल कार्यालयातलं उरलेलं अन्न आणून टबात ओतायची. दोन दिवसांत सगळं फस्त व्हायचं. पंधरा दिवसांत अळ्या फुगायच्या, कोंबड्यांच्या पोटात जायच्या आणि टबात मोकळं, मातकट खत उरायचं. गावातल्या बायका टबाभोवती जमून अळ्यांचं कौतुक करायच्या. खरं सांगतो, मला ते लागायचं. तोंड अळी चालवते, पण कोबीचा चोथा आणि भाताचा गोळा पचवायला आमची मदत लागते. आमचं नाव कोणी काढत नसे.

गेल्या हिवाळ्यात मंजुषाच्या सासऱ्यांच्या, म्हणजे नत्थूजींच्या, म्हशीचं थान सुजलं. डॉक्टरनं इंजेक्शनं दिली आणि पाच दिवस हे दूध कोणी पिऊ नका म्हणून बजावलं. नत्थूजी पेचात पडले. दूध पायदळी जाऊ द्यायचं नाही, असं त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मानतात. नालीत ओतायला त्यांचा हात धजेना. शेवटी, अळ्यांच्या तरी पोटात जाईल म्हणून, ते सकाळ-संध्याकाळ सगळं दूध टबांत ओतत राहिले. मंजुषाला सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्यांना वाटलं नाही.

म्हशीला आजारी पाडणारे जिवाणू मारायला दिलेलं औषध दुधातून आमच्यापर्यंत आलं. ते आमच्यात आणि त्यांच्यात कसला फरक करणार? आम्ही लाखांनी मेलो. अळ्या जगल्या, पण बारीक राहिल्या, आणि अन्न टबात तसंच पडून राहिलं. चौथ्या दिवशी आंबूस वास सुटला. आठव्या दिवशी शेजारच्या जिजाबाईंनी नाकाला पदर लावून ग्रामपंचायत गाठली. पंचायतीनं सांगितलं, महिनाभरात वास गेला नाही तर टब उचला.

तीन वर्षांची मेहनत होती ती. मंजुषा हवालदिल झाली. तिनं आंबट नको म्हणून लिंबाच्या साली वेचून काढल्या, ओल शोषायला तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, मिसळलं, टब सावलीत सरकवले. वास काही हटेना. तिची धावपळ नत्थूजींना बघवेना. एका सकाळी ते मान खाली घालून म्हणाले, “पोरी, मीच दूध टाकलं त्यात. नालीत फेकाले जीव नाई झाला.”

“मामाजी, डॉक्टरनं आपल्याले प्याले मना केलं, मंग या अळ्यायले कसं चालन?” एवढंच मंजुषा म्हणाली. सासऱ्यांना याहून जास्त काय बोलणार?

टब रिकामे झाले. सडका माल शेतात खड्डा करून पुरला. अंड्यांसाठी जाळीत वेगळ्या ठेवलेल्या माश्यांनी नवी अंडी घातली, अळ्या निघाल्या, पण त्यांची पोटं कोरीच होती. त्यांना जुन्या खतातले आम्ही हवे होतो. नव्या टबात थोडं जुनं खत मिसळावं लागतं हे मंजुषाला ठाऊक होतं, पण घरचं खत तर केव्हाच शेतात पसरून झालं होतं. चांगल्या दिवसांतलं थोडं खत गावात एकाच घरी शिल्लक होतं. जिजाबाईंनी ते गुलाबाच्या कुंड्यांसाठी पोत्यात भरून नेलं होतं. त्या पोत्याच्या तळाशी मी होतो.

तक्रार केली त्याच बाईच्या दारात जायचं कोणी? नत्थूजी स्वतः उठले. वाटी घेऊन गेले आणि दारातूनच म्हणाले, “जिजाबाई, विरजण मांगाले आलो. दह्याचं नाई, त्या खताचं.” मग आपल्या हातून काय झालं, ते त्यांनी काही न लपवता सांगितलं. विरजण मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायची आमच्या गावात रीत नाही. जिजाबाईंनी वाटी परत दिली आणि घमेलं भरून आणलं.

नव्या अळ्यांनी मला खाल्लं आणि मी पुन्हा कामाला लागलो. आधी भात संपायला लागला, मग कोबी. टबात हात घातला की ऊब लागू लागली. महिना भरला तेव्हा सरपंच आले, त्यांनी एकेक टब हुंगला आणि जिजाबाईंना विचारलं. त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. “वास नाई येत,” त्या म्हणाल्या आणि मंजुषाकडे वळल्या. “पण विरजण माह्या घरचं हाये. जपून ठेवजो.”

मित्रांनो, माझीही तेवढीच विनंती आहे. साली द्या, खरकटं द्या, पण उरलेलं औषध, फिनाईल, आजारी जनावराचं दूध ओल्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याला वास सुटला की सगळे विचारतात, हे कोणी केलं. वास आला नाही तर कोणी काही विचारत नाही. तेव्हा आम्ही कामावर असतो.