हेडला चिकटलेलं गॅस्केट

माझा मुलगा धनेश मला न्यायला निघाला आणि कार्लेखिंडीच्या चढावर त्याच्या बाबांची जुनी ओम्नी उकळली. थांबत थांबत, पाणी ओतत त्याने ती चौलला आणली आणि माझ्या अंगणात उभी केली. उलव्याला त्याच्या घरी, सातव्या मजल्यावर माझी खोली तयार होती. पडदेही लावून झाले होते. मला कुणी विचारलं नव्हतं. गाडी दुरुस्त झाली की निघायचं, असं मुलाने ठरवून टाकलेलं.

दुसऱ्या दिवशी रेवदंड्याचा निकेश मेकॅनिक आला. त्याने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवून माझ्या ओट्यावर उलटं ठेवलं. हेड आणि ब्लॉकच्या मधलं जुनं गॅस्केट फाटलं होतं आणि अर्धं हेडलाच चिकटून बसलं होतं. निकेश पेट्रोलचा बोळा फिरवून खरवडत होता, पण काही हलेना.

"काय लावलं व्हतं काकांनी? सिमेंट?"

"बाबांचं काम तसंच," धनेश म्हणाला. "एकदा बसवलं की बसवलं."

मी दारात उभी होते. ते काम ह्यांचं नव्हतंच. सतरा-अठरा वर्षांपूर्वी याच अंगणात ह्यांचं गॅरेज होतं आणि मी हाताखाली असे. गॅस्केट चिकटवायला शेलॅक, म्हणजे पातळ केलेली लाख, असायची. हे सांगायचे, शेलॅक फक्त ब्लॉकच्या बाजूला लाव, तेही पातळ. हेडची बाजू कोरडी ठेव, पुन्हा उघडायची वेळ येते. या ओम्नीचं गॅस्केट बसवायच्या दिवशी हे जेवायला बसले आणि मी दोन्ही बाजूंना जाड थर दिला. मिठागरावर वाढलेली मी. खाऱ्या हवेने लोखंडाचा भुगा होताना पाहिलेला. मला वाटलं, असू दे घट्ट. ह्यांना मी ते कधीच सांगितलं नाही.

शेलॅक पेट्रोलने सुटत नाही. त्याला स्पिरिट लागतं, सुतार पॉलिशला वापरतात ते. मला ठाऊक होतं, तरी मी गप्प होते.

निकेशने छिन्नी काढली. हेड अॅल्युमिनियमचं, मऊ. एक खोल ओरखडा पडला की ते सपाट करायला पनवेलला लेथवर जाणार. आठ दिवस तरी मोडणार. आठ दिवस मी माझ्या घरात.

पहिला घाव पडला.

"जपून रं," धनेश म्हणाला.

"काय व्हत न्हाय."

दुसऱ्या घावाला कडेवर पांढरी रेघ उमटली. माझे दात शिरशिरले. मनात म्हटलं, मार अजून एक, जरा आत. त्याने हात उचलला मात्र, आणि मी ओरडले, "ठेव ती छिन्नी! नारळ फोडतंस काय?"

"काकी, तुम्ही चहा टाका ना," निकेश हसला.

"चहा तुझ्या बायकोकडं पी. आधी अंबाजी सुताराकडनं वाटीभर स्पिरिट आण. शेलॅक हाय ते. मीच लावलेलं."

"म्हंजे सिमेंट तुमचंच!"

स्पिरिटात चिंधी भिजवून मी हेडवर पसरली, वर प्लास्टिक झाकलं. अर्ध्या तासाने पितळी पट्टी आडवी धरून हळूहळू ओढायला लागले. थर मेणासारखा सुटू लागला. कोपऱ्यांत पुन्हा भिजवलं. रेघ अगदी कडेला होती, चालण्यासारखी. बोटभर जागा स्वच्छ झाली की उलवं तेवढं जवळ येत होतं, पण हात थांबवता येईना.

संध्याकाळी नवं गॅस्केट बसवून झालं आणि गाडी लगेच सुरू झाली.

"आये, चल," धनेश म्हणाला. "दहाच्या आत पोचू."

"न्हाय. इंजिन तापून पुरतं गार झालं की हेडचे बोल्ट पुन्हा आवळायला लागतात. सकाळी."

आई फसवते की काय, म्हणून त्याने निकेशकडे पाहिलं.

"खरं हाय," निकेश म्हणाला. "सकाळी सहाला येतो."

"बरं. मग सातला निघायचं." असं म्हणून धनेशने माझी पेटी, गादी, देवांचं गाठोडं, सगळं उचलून गाडीत भरलं. गाडीचं दार लॉक करून चावी खिशात टाकली.

मी रिकाम्या खोलीत नखांतलं काळं काढत बसले. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेर आवळत जायचं, हे निकेशला ठाऊक असेल ना? सहाला उठून बघायला हवं.