दसऱ्याआधीची फळी

महाडच्या माणसाला पाण्याची भीती शिकवावी लागत नाही. सावित्री फुगली की बाजारपेठेत होडी चालते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. म्हणून इथे घर असो की गोदाम, नदीच्या अंगाला उतरणाऱ्या मागच्या दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत खाच ठेवतात. पावसाळा तोंडावर आला की त्या खाचांत छातीपर्यंत एकावर एक फळ्या सरकवायच्या, फटी चिखलाने लिंपायच्या आणि दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. दसऱ्याआधी फळी काढली की नदी परत येते, असं म्हातारी माणसं सांगतात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातलाच हा प्रकार. आगीचं मात्र इथे कोणाला काही वाटत नाही. विझवायला पाणी काय कमी आहे का, असं म्हणून लोक हसतात. हसा बापड्यांनो.

गोमाजी तांबे याच गावचा. परवाने देणाऱ्या कचेरीत ओव्हरसियर होता. त्याला ओव्हरसियर केला तो त्याच्या बहिणीने. आई गेली तेव्हा गोमाजी सहा वर्षांचा होता आणि सुंदराबाई सोळाची. कशेडी घाटात रस्त्याच्या कामावर खडी फोडून तिने त्याला डिप्लोमापर्यंत नेलं. त्यात तिचे गुडघे गेले. गोमाजीला नोकरी लागल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की रावजीशेठच्या शेडमध्ये तिला कामाला लावलं. तिथे एसटीच्या सीटच्या गाद्या बनत. फोम कापायचा, त्यावर सोल्यूशन लावायचं, रेक्झिन चिकटवायचं. बसून काम, तेही सावलीत. आक्काला आणखी काय पाहिजे, असं त्याला वाटलं.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात त्या शेडची आगीबाबतची तपासणी त्याच्याकडे आली. छापील फॉर्म होता. दारं किती, रुंदी किती, वाळूच्या बादल्या किती. आकडे भरायचे, सही ठोकायची, मालकाचा चहा प्यायचा आणि घरी यायचं. बाकीचे तेच करत. पण गोमाजी दरवर्षी मार्चमध्ये चवदार तळ्यावर स्वयंसेवक म्हणून उभा राहायचा. गल्ली नकाशावर बारा फुटांची असते, आणि मध्ये एक भेळेची गाडी लागली की त्याच गल्लीतून गर्दी ओसरायला दुप्पट वेळ लागतो, हे त्याने उन्हात उभं राहून पाहिलं होतं. दार किती फुटी आहे यापेक्षा माणूस किती वेळात बाहेर पडतो हे मोजलं पाहिजे, असं त्याच्या डोक्याने घेतलं होतं.

त्याने खिशातून शिट्टी काढली. शेडमध्ये अडतीस बायका होत्या.

"हे काय खूळ काढलंत तांबे?" रावजीशेठ म्हणाले.

"शिट्टी वाजली की सगळ्यांनी हातातलं काम टाकून बाहेर यायचं, शेठ. बस, एवढंच."

पहिल्या खेपेला चार मिनिटं लागली. मागच्या दाराशी रेक्झिनचे गठ्ठे रचलेले होते आणि दार आत उघडत होतं. गोमाजीने गठ्ठे हलवायला लावले, दार बाहेर उघडेल असं करून घेतलं आणि आठवड्याने पुन्हा येऊन शिट्टी वाजवली. या खेपेला बायका हसत, ढकलत, दोन्ही दारांनी एक मिनिट चाळीस सेकंदांत बाहेर. सगळ्यांत शेवटी सुंदराबाई, गुडघ्यावर हात ठेवून.

"माझा भाव हाय तो," ती बाकीच्या बायकांना सांगत होती. "घड्याळ लावून माणसं मोजतो. हसू नका गो."

मोठ्या साहेबांनी फॉर्म पाहिला. "तांबे, यात मिनिटांचा रकाना आहे का?"

"नाही साहेब. पण खरं विचाराल तर तेवढंच—"

"दारं दोन आहेत ना? रुंदी आहे ना? मग करा सही."

गोमाजीने सही केली. पण समासात बारीक अक्षरात एक मिनिट चाळीस सेकंद असं लिहून ठेवलं. तो हट्टी होता, आणि याबाबतीत त्याचं बरोबरच होतं. मग त्याला गेल्या पावसाळ्याची आठवण झाली. फळ्या नसलेल्या त्या शेडमध्ये कमरेइतकं पाणी शिरलं होतं, सोल्यूशनचे डबे तरंगत रस्त्यावर आले होते. त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली: मागच्या दाराला पावसाळ्यापूर्वी पुराच्या फळ्या बसवाव्यात. हे लिहिताना त्याचं पेन क्षणभरही थांबलं नाही. महाडच्या कोणत्याच माणसाचं थांबलं नसतं.

जूनमध्ये शेठनी फळ्या बसवल्या. गोमाजी जाता जाता पाहून आला आणि काम पक्कं झालंय असं म्हणाला.

सप्टेंबरात आठ दिवस पाऊस उघडला होता, तरी हवेत ओल होती. सोल्यूशन वाळेना म्हणून पुढच्या दाराजवळ कोळशाची शेगडी ठेवलेली होती. दुपारी दोनच्या सुमाराला ठिणगी फोमवर उडाली. फोम पेटतो तेव्हा काळा, जड धूर होतो आणि दोन श्वासांत माणूस खाली बसतो. पुढच्या दाराशी बसणाऱ्या बायका सुटल्या. बाकीच्या मागच्या दाराकडे धावल्या. कडी निघाली, दार बाहेर उघडलंसुद्धा. पण चौकटीत छातीइतक्या उंच फळ्या होत्या. पावसाचं पाणी पिऊन त्या खाचांत अशा बसल्या होत्या की तसूभर हलेनात. तरण्या पोरी वरून चढून पलीकडे पडल्या.

गोमाजी कचेरीतून धावत पोचला तोवर पत्रे लाल झाले होते. नऊ बायका आतच राहिल्या. त्यांतली एक सुंदराबाई होती. गोमाजीने तिला तिच्या पायातल्या जोडव्यांवरून ओळखलं.

चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांनी त्याला बोलावलं. वरून चौकशी आली होती, आणि साहेब खूश होते, हे सांगताना मला शरम वाटते. "तांबे, तुमच्या कागदाने कचेरीची लाज राखली. दारं दोन, रुंदी नियमात, वर तुमची ती चाचणी. एक मिनिट चाळीस सेकंद! असं कोणीच करत नाही. तुम्हाला कसली भीती नाही."

संध्याकाळी गोमाजी सोनाबाईकडे गेला. ती फळ्यांवरून चढून वाचलेली. तिचे हात कोपरापर्यंत बांधलेले होते. त्याला एकच गोष्ट विचारायची होती.

"आक्का चढली का नाही?"

"तिचं गुडघं ठाऊक हाय ना तुला," सोनाबाई म्हणाली. "आमाला खालून उचलून दिलं तिनं. मला, तुळजाला. सांगू नये, पर सांगते रे गोमा. श्रावणात आत लय उकडायचं. आमी म्हणलो, वरच्या दोन फळ्या तरी काढू. शेठ पण हो म्हणला होता. तुझी भैनच आडवी आली. म्हणली, माझ्या भावानं लिवून दिलंय. त्याचा शब्द हाय. दसऱ्याआधी कुनी हात लावायचा नाय."

गोमाजी तिथेच उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. सोनाबाईने बांधलेला हात त्याच्या पाठीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पहार घेतली आणि स्वतःच्या घराच्या मागच्या दाराशी गेला. मनगटावरचं घड्याळ काढून समोर पायरीवर ठेवलं. पहिली फळी हलायलाच वेळ लागला. शेजारचा चांगू आवाज ऐकून धावत आला.

"अरे गोमा, येड लागलं काय? दसऱ्याला बारा दिस हायत अजून! नदी घरात घेतोस काय?"

गोमाजीने वर पाहिलंसुद्धा नाही. तो पहार घालत राहिला, लाकूड कुरकुरत राहिलं. पाचवी, शेवटची फळी अंगणात पडली तेव्हा त्याने घड्याळ उचललं. अकरा मिनिटं. गडी माणूस, हातात पहार, डोळ्यांत धूर नाही.

कचेरीत जाऊन त्याने फाइल मागून घेतली. साहेबांना कुणकुण लागली, ते टेबलाशी आले. "कशाला हात लावताय आता? सगळं नियमात आहे. बहीण गेली तुमची, नोकरीही घालवायचीय?"

"नियमात आहे साहेब," गोमाजी म्हणाला. "म्हणूनच लिहितोय."

त्याने पट्टी घेऊन फॉर्मच्या कडेला एक रकाना आखला. त्यावर 'वेळ' असं लिहिलं. मे महिन्यापुढे लिहिलं, एक मिनिट चाळीस सेकंद. सप्टेंबरपुढे लिहिलं, फक्त फळ्या काढायला अकरा मिनिटं. त्याच्याखाली लिहिलं, फळ्या माझ्या सांगण्यावरून बसवल्या. मग त्याने सही केली.