डाग गेल्यावर

"डाग तं गेले मॅडम, मंग रगत कावून काढून राहिले?" परवेजनं विचारलं.

अकोल्यातल्या बालरोगतज्ज्ञ साधना मॅडमच्या दवाखान्यात आठ वर्षांची अलीझा बापाच्या मांडीवर बसली होती. सुई दिसताच तिनं तोंड त्याच्या सदऱ्यात खुपसलं.

परवेज अकोटात गाद्या भरायचा. महिन्याभरापूर्वी अलीझाच्या पायांवर लाल-जांभळे डाग उठले, घोटे सुजले, पोटदुखीनं ती गडाबडा लोळली. रक्तवाहिन्यांना सूज आलीय, लहान मुलांना होतं असं, बहुतेक मुलं बरी होतात, असं मॅडम म्हणाल्या होत्या. झालंही तसंच. डाग पुसट झाले, पोरगी गल्लीत लंगडी खेळू लागली. तिच्या आईनं, सबीहानं, घरोघरी जर्दा, केशरी गोड भात, वाटला.

संध्याकाळी रिपोर्ट आला. मॅडमनी तो पुन्हा पुन्हा वाचला.

"परवेजभाई, सूज किडनीपर्यंत गेलीय. लघवीवाटे प्रथिनं जातायत, म्हणून रक्तातलं अल्ब्युमिन उतरलंय; त्यानं अंगात पाणी साठू शकतं. आणि क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनी रक्त नीट गाळत नाहीये."

"पोरगी तं खेळून राहिली!"

"वरून दिसत नाही हे. म्हणूनच रक्त-लघवी तपासावी लागते."

"आता समजलं ना तुमाले? मंग थांबवा न."

मॅडमनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. "औषध देते. बऱ्याच मुलांना लागू पडतं. हिला पडेल का, ते आज मला सांगता येत नाही."

"मी काय करू?"

"गोळ्या चुकवू नका. मीठ कमी करा. आणि दर आठवड्याला तपासणीला आणा."

परवेज आणखी काही ऐकायला थांबला. एखादं अवघड काम सांगितलं असतं तर त्यानं जीव तोडून केलं असतं. पण मॅडमचं सांगून झालं होतं.

मग दर शनिवारी एस.टी.नं अकोला सुरू झालं. सबीहा पोरीसोबत स्वतःही अळणी जेवू लागली, कोणाचं ऐकेना. क्रिएटिनिन हा शब्द परवेजच्या जिभेवर बसला नाही, पण आकडा वाढलेला मॅडमच्या चेहऱ्यावरून समजायचा. या शनिवारी त्या म्हणाल्या, "अमरावतीला किडनीच्या डॉक्टरांकडे न्या. किडनीचा बारीक तुकडा काढून तपासावा लागेल."

अकोटच्या स्टँडवर उतरताच शेजारच्या पार्बताबाई भेटल्या. त्यांनी अलीझाचा गालगुच्चा घेतला.

"अरे परवेज, कशी गुबगुबीत झाली पोरगी! आता बरी झाली वाटते!"

अलीझा लाजून हसली. मग म्हणाली, "अब्बू, चप्पल रुतून राहिली."

परवेज खाली बसला. पट्टा सैल करताना त्याचा अंगठा तिच्या घोट्यावर दाबला गेला. त्यानं तो उचलला, तर तिथं खळगा पडला होता. तो भरून यायची वाट पाहत परवेज तसाच बसून राहिला.

"हाव काकी," मान वर न करता तो म्हणाला, "बरी हाये."