नैवेद्याआधी

“दुखायची वाट बघायची नाही. घड्याळ बघून गोळी द्यायची. आणि पट्टी रोज बदलायची, रोज म्हणजे रोज,” नाशिकच्या दवाखान्यातल्या नर्सताईंनी स्वानंदीला बजावलं होतं.

त्र्यंबकेश्वरच्या त्या पुरोहिताच्या घरातलं घड्याळ मात्र पूजेला येणाऱ्या यजमानांच्या जेवणाच्या पानांवर चाले. मालिनीकाकू तिच्या विधवा चुलतसासूबाई. कर्करोगाने त्यांचा एक स्तन काढला होता. जखमेला हात लावला की विटाळ, आणि विटाळलेल्या हाताने नैवेद्य नाही, असा सासूबाईंचा दंडक. म्हणून पट्टी बदलायची ती पंगत उठल्यावर, कधी तर तिसऱ्या दिवशी. मागच्या खोलीतून वास येऊ लागला तेव्हा सासूबाईंनी उदबत्त्यांचा पुडा पाठवला.

गोळीचंही तसंच. सासूबाई म्हणत, “अफूची ती! गुंगीत जीव गेला तर मुखी देवाचं नाव कसं यायचं? भोग आहे, भोगून संपवावा.”

सोमवार करणारी स्वानंदी मान खाली घालून अर्धीच गोळी देई.

“काकू, जप होतो ना?”

“होतो की. ‘शि’ म्हणेपर्यंत कळ येते, पुढे सगळं ‘आई गं’! महादेवाला वाटत असेल, ही बया माहेरच्यांनाच हाका मारतेय.” काकू हसल्या नि हसण्यानेच कळवळल्या. मग तिचा हात धरून म्हणाल्या, “कोपऱ्यावरच्या बेलवाल्या कुसाबाईच्या गालाचं ऑपरेशन झालंय म्हणे. तिला असं पडू देऊ नकोस. वचन दे.”

“दिलं, काकू.”

त्या दिवशी बारा पानं होती. पंगत उठल्यावर, दोन वाजता, स्वानंदी पट्टी घेऊन गेली, तर काकू गार पडल्या होत्या. यजमानांना आवाज जाऊ नये म्हणून त्यांनी चादरीचा बोळा तोंडात कोंबला होता. देवाच्या नावासाठी जपलेलं ते तोंड!

चौदावा दिवस झाला. उरलेल्या गोळ्या स्वानंदीने दवाखान्यात परत केल्या. पट्ट्या मात्र निम्म्याहून जास्त तशाच पडून होत्या.

सोमवारी तिने पिंडीवर बेल वाहिला, साबणाने हात धुतले नि पट्ट्यांचा पुडा उचलला.

“अगं, आज पाच पानं आहेत. नैवेद्य कोण करणार?” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“आल्यावर करते, आई. कुसाबाईंची पट्टी बदलून येते.”

“आणि त्याच हाताने नैवेद्य?”

“याच हाताने.”

तिने घड्याळाकडे पाहिलं. दवाखान्याने कुसाबाईंना दिलेल्या गोळीची वेळ व्हायला दहा मिनिटं होती. चपला सरकवून ती पायरी उतरली.