राहीची जबानी

वाघजाईच्या जत्रेत पहिला नारळ फोडावा तर रखमाजी आबांनीच, हे ठरून गेलेलं होतं. निदान आबांच्या डोक्यात तरी. ज्यानं वाडी वसवली त्याच्या घराला हा मान, आणि वाडी वसवली ती आबांच्या खापरपणजानं, धाकोजीनं. धाकोजीनं रान तोडलं, वाघ मारला, वाघजाई बसवली. तो वाघ दर जत्रेला वीतभर वाढायचा, पण ते असो.

यंदा देवळावर नवा स्लॅब घातला आणि खालच्या आळीच्या अंबाजीच्या अंगात आलं. "आमचा खापरपणजा हैबती आदी आला. तुमचा धाकोजी मागनं. नारळ आमचा!" दोघंही म्हातारे सत्तरीच्या उंबऱ्यावर, आडनावं वेगळी, खाचराला खाचर लागून, आणि चाळीस वर्षांत एकानं दुसऱ्याच्या घरचा चहा घेतलेला नाही. गावकी वैतागली. म्हणाली, कागद आणा. ज्याचं नाव आधीचं निघेल त्याचा नारळ, आणि देवळाच्या फरशीवर नावही त्याचंच.

आबांना तो नुसता नारळ नव्हता. त्यांचं शेंडेफळ चैताली, वय एकतीस. नवरा अपघातात गेला तेव्हापासून चार वर्षं माहेरी. लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. तिथल्या पवन वीजमिस्त्रीनं तिला रीतसर मागणी घातली होती. तोही बिजवर; पोरगा निर्व्यसनी, स्वतःचं घर. चैतालीच्या मनात होतं. आबांनी एका वाक्यात मोडता घातला, "मानकऱ्याच्या घरात पाट लागत न्हाई. आजवर लागला न्हाई." पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, तो शब्दही आबा थुंकल्यासारखा टाकायचे. त्यांच्या बायकोनं, नंदाबाईनं, आठवडाभर भांडी आपटली. पालथ्या घड्यावर पाणी!

आता कागद शोधायला वडगावच्या कचेरीत न्यायचं कुणी? मुलगा निलेश चाकणच्या कंपनीत, त्याची रजा संपलेली. शेवटी चैतालीनं खाडा केला. जिच्या वाटेत धोंडा घातला तिच्याच स्कूटरवर मागं बसून आबा निघाले, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला साहेब होते, खोलीची किल्ली नव्हती. तिसऱ्या खेपेला कागद निघाले ते मोडीत. आबांनी नक्कल सुलटी धरली, उलटी धरली. "हे तर मुंग्या शाईत लोळून गेल्यागत दिसतंय," ते म्हणाले. मग कामशेतच्या चाँदभाई किराणावाल्यांची जीनत आठवली. ती पुण्यात मोडी शिकली होती आणि लोकांचे जुने कागद वाचून द्यायची.

दुकानाच्या ओट्यावर बसून जीनतनं भिंग लावलं. "आबा, पेढे काढा. हा खातेदारांचा कागद. धाकोजी बिन मालोजी, एकटाच. हैबतीचं नाव सहा वर्षांनी पुढं येतंय."

आबांनी मांडीवर थाप मारली. "बुडला अंबाजी! साफ बुडला!"

"थांबा, याच्याही आधीचा एक आहे. बांधाच्या भांडणात एका बाईनं दिलेली जबानी." जीनत वाचू लागली, आणि तिचा आवाज हळू होत गेला.

"मी राही. दादला सुभानजी पटकीने मेला. पोर हैबती कडेवर. दीर म्हणाले, तोंड काळे कर. मी ह्या रानात आले तेव्हा येथे कोणी नव्हते. खोप घातली, रान तोडले, पहिले खाचर पाडले. वाघजाईचा तांदळा, शेंदराचा धोंडा, मी बसविला. तिसऱ्या साली मालोजीशी पाट लाविला. त्याचा धाकोजी. थोरला घाटात रेल्वेच्या कामाला आहे, धाकटा नांगर धरतो. जमीन दोघांची सारखी."

चैताली रस्त्याकडं तोंड करून बसली होती.

"वाघाचं काय लिवलंय?" आबांनी बारीक आवाजात विचारलं.

"वाघ नाही आबा. रानडुकरांचा उपद्रव लिहिलाय." जीनतनं कागद घडी केले. "गावकीनं नाव मागितलंय ना? मग पहिला कागद पुरे. जबानी कुणी मागितलेली नाही."

आबांनी दोन्ही कागद बंडीत घातले. स्कूटर नाणे मावळच्या रस्त्याला लागली. आबा मागून म्हणाले, "काय वय असंल गं तिचं?"

"कुणाचं?"

"राहीचं. रानात आली तवा."

"असंल माझ्याएवढी," चैताली म्हणाली.

आबांना लाज वाटली. राहीची नव्हे, स्वतःची. चार पिढ्यांनी नसलेला वाघ जपला आणि असलेली आई पुसून टाकली, का तर तिनं पाट लावला म्हणून! त्या रात्री ते जेवले नाहीत.

रविवारी देवळापुढं गावकी बसली. आबांनी पहिला कागद दिला. वरच्या आळीनं टाळ्या पिटल्या, अंबाजीचं तोंड पडलं. आबांनी हात वर केला. "दमा जरा. अजून एक हाय." जीनतनं उतरवून दिलेली जबानी त्यांनी चैतालीच्या हातात दिली. "वाच. मोठ्यानं वाच."

तिनं वाचली. शेवटाला येईपर्यंत मागच्या बायकाही पुढं सरकल्या होत्या.

अंबाजीला आधी हसू फुटलं. "म्हंजी तुमचा धाकोजी पाटाचा! लय मान मिरवत व्हता की!"

"व्हय, पाटाचा," आबा म्हणाले. "आन तुझा हैबती तिचंच दूध पिऊन वाढला. एका आईची लेकरं हावं आपण, अंबाजी. चाळीस वरीस भावाच्या घरचा चहा सोडला आपण."

अंबाजीचं हसू जागच्या जागी विरलं.

"मग फरशीव नाव कुणाचं घालायचं?" कुणीतरी विचारलं.

"राहीचं. दुसरं कुणाचं?"

"आन नारळ?"

आबांना सोपं नव्हतं ते. "नारळ अंबाजी फोडंल. थोरल्याच्या वंशाचा हाय त्यो. मला यंदा सवड न्हाई, घरात लगीन हाय."

"कुणाचं?" अंबाजीनं विचारलं.

"माझ्या चैतालीचं. पाट म्हणायचा तर पाट म्हणा. राहीनं लावला तवा ही वाडी झाली." आबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "जत्रा झाली की पुढच्या रविवारी. समदी जेवायला या."

कागद हातात धरून चैताली तशीच उभी होती. तिलाही हे आत्ताच कळत होतं.